नौदल दिनाची चित्रं : झेंडा कोणता काढायचा?

बी-३०४ : ४ डिसेंबरच्या प्रदर्शनासाठी आमची मुलगी कराचीवर गेलेली क्षेपणास्त्र नौका काढतेय. नेटवर नौदलाचे वेगवेगळे झेंडे दिसतायत. काका, खरा कोणता?

ए-१०१ : ताई, २०२२ मध्ये आलेला नवाच काढायला सांगा. निळा अष्टकोन, छत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला. जुन्या झेंड्यावरचा तो लाल क्रॉस म्हणजे इंग्रजांच्या गुलामीची खूण.

ए-२०२ : नवा झेंडा मलाही फार आवडतो. पण १९७१ च्या युद्धातल्या नौकेवर तो नको. निपात, निर्घात आणि वीर कराचीवर चालून गेल्या तेव्हा पांढऱ्यावर लाल क्रॉस आणि वरच्या कोपऱ्यात तिरंगा, असा झेंडा होता. २६ जानेवारी १९५० ला कोपऱ्यातला युनियन जॅक गेला, तिरंगा आला. क्रॉस तेवढा राहिला. त्याच युद्धात ‘खुकरी’ ही आपली युद्धनौका बुडाली आणि तिचे कॅप्टन मुल्ला तिच्यासोबत गेले, तेही याच झेंड्याखाली. त्याला गुलामीची खूण म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ए-१०१ : त्यांच्याबद्दल आदरच आहे, काका. पण मग क्रॉस जायला २०२२ का उजाडलं?

ए-२०२ : आधी एकदा गेला होता, २००१ मध्ये. त्याच्या जागी नौदलाचं निळं चिन्ह आलं. पण समुद्रावर ते निळं आभाळात आणि पाण्यात मिसळून जायचं, नीट ओळखू येईना. म्हणून २००४ ला क्रॉस परत, मधोमध सिंहमुद्रा घेऊन. २०१४ ला तिच्याखाली ‘सत्यमेव जयते’ आलं. जहाजावरचा झेंडा लांबून ओळखू आलाच पाहिजे, नुसता कागदावर देखणा असून काय उपयोग!

सी-५०३ : आत्ताचाही निळाच आहे की.

ए-२०२ : हो, पण गडद निळा, आणि अष्टकोनाला सोनेरी दुहेरी किनार. आत नांगरावर सिंहमुद्रा, खाली ‘शं नो वरुणः’ हे नौदलाचं ब्रीद. आठ बाजू म्हणजे आठ दिशा. वरच्या कोपऱ्यात तिरंगा आहेच, तो विसरू नका.

सी-५०३ : आमचा मुलगा ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका काढतोय. मग नवाच ना?

ए-२०२ : कोणती विक्रांत? २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नौदलात दाखल झाली ती असेल तर नवाच; त्याच दिवशी, तिथेच त्याचं अनावरण झालं. १९७१ ची, बंगालच्या उपसागरातली असेल तर क्रॉसवाला. आणि तिचा डेक पुढे सपाट दाखवा, तो वर वळलेला उतार नंतर बसवला.