थंडीत बुडी मारून जाळं सोडवावं का?

दारणाकाठ: मंडळी, घोटीकडे दारणा धरणाच्या फुगवट्यात आमचं तंगूस जाळं (बारीक नायलॉन धाग्याचं) टाकलेलं असतं. बुडालेल्या बाभळीत ते हमखास अडकतं. उन्हाळ्यात मी बुडी मारून सोडवतो. आता डिसेंबर आहे, पण पहाटे पाणी उलट कोमट लागतं, वाफ निघत असते. उतरायला काय हरकत आहे? चुलतभाऊ नको म्हणतो. अंगाला तेल चोळलं तर थंडी कमी बाधते का?

गोदाकाठचा भोई: भाऊ, तुमचा चुलतभाऊ शहाणा आहे. निफाडचा पारा पाच-सहावर येतो त्या पहाटे हवा पाण्याहून गार असते, म्हणून पाणी कोमट भासतं. पण अंगातली ऊब पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. तेलाने त्यात काही फरक पडत नाही.

माणूस गारठून बेशुद्ध पडतो ती फार पुढची गोष्ट. आधी बोटं जातात. तंगूस इतका बारीक की गढूळ पाण्यात दिसत नाही, तो बोटांनीच चाचपावा लागतो. बोटं बधिर झाली की सुरी धरवत नाही, आणि नेमका त्याच वेळी पायात फास बसलेला असतो. आमच्यात जाळ्यासाठी कुणी बुडी मारत नाही. ट्रकच्या ट्यूबवर बसून, लांब बांबूला लोखंडी आकडा बांधून वरूनच ओढतो. निघालं तर निघालं, नाहीतर कापून सोडतो. जाळं पुन्हा विणता येतं.

दारणाकाठ: काका, पण बुडीआधी मी जोरजोरात पाच-दहा श्वास घेतो. मग दम जास्त टिकतो.

गोदाकाठचा भोई: ते तर आजच बंद करा! त्याने दम वाढत नाही, नुसती दम लागल्याची जाणीव उशिरा होते. श्वास घ्यायची हुरहूर लागते ती रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. तोच तुम्ही आधी फुंकून टाकलात, तर ऑक्सिजन संपत आला तरी कळत नाही आणि पाण्यातच डोळ्यांपुढे अंधारी येते. चांगले पट्टीचे पोहणारे यातच जातात. त्यातून गार पाण्यात शिरताना पहिला श्वास आपोआप आत ओढला जातो. तोंड पाण्याखाली असलं तर काय होईल ते सांगायला नको.

पाटाचं पाणी: एक गोष्ट राहिली. रब्बीचं आवर्तन सुटलं, म्हणजे शेतीसाठी धरणातून पाणी सोडलं, की धरणाच्या दरवाज्याजवळचं पाणी खाली ओढतं. वरून तळं शांत दिसतं, कळतही नाही. आवर्तनाच्या तारखा शाखा अभियंत्यांच्या ऑफिसात विचारा, नाहीतर पाटकऱ्याला (पाटाचं पाणी सोडणाऱ्या माणसाला) फोन करा. भिंतीच्या आणि दरवाज्याच्या आसपास तर एरवीही जाऊ नये. आणि मासेमारीचा ठेका ज्या सोसायटीकडे आहे तिची परवानगी आहे ना? नसेल तर थंडीच्या आधी दुसराच ताप होईल.

दारणाकाठ: परवानगी आहे. कुणी गारठला तर शेकोटीजवळ बसवायचं ना?

गोदाकाठचा भोई: लगेच नको. बधिर हाताला चटका कळत नाही, कातडी भाजते. आधी ओले कपडे काढा, अंग टिपा, चोळू नका. छाती-पोटावर कोरडी घोंगडी गुंडाळा, डोक्याला मफलर. शुद्धीत असेल तर गोड गरम चहा द्या. दारूचा घोट अजिबात नाही. त्याने ऊब वाटते, पण अंगातली उष्णता बाहेर पडते. थरथर आपोआप थांबली आणि जीभ अडखळायला लागली तर बरं वाटतंय असं समजू नका. आडवं झोपवा, उचलायचं-सरकवायचं तर अगदी हलक्या हाताने, आणि १०८ ला फोन लावा.

ट्यूबवर जाताना अंगात लाइफ जॅकेट, कमरेला सुरी दोरीने बांधलेली, आणि काठावर एक माणूस. गमबूट घालून ट्यूबवर जाऊ नका, पाणी भरलं की पाय उचलवत नाही.

दारणाकाठ: ट्यूब नवी घेऊ की जुनी चालेल?

गोदाकाठचा भोई: जुनी चालेल. आग्रा हायवेवरच्या पंक्चरवाल्यांकडे मिळते. फक्त व्हॉल्व्हच्या टोकावर चिंधी बांधा, नाहीतर त्यातच जाळं गुंतेल.