पाटेश्वरला एवढ्या पिंडी कशासाठी?

कोडोलीची सून:
श्रावणात सासूबाईंना घेऊन साताऱ्याजवळच्या पाटेश्वरला गेले होते. देगावच्या बाजूने वर चढलो, कमळांच्या तळ्यापाशी बसलो, मग देवळात दर्शन घेतलं. पण लेण्यांत शिरल्यावर चक्रावलेच. जिकडे बघावं तिकडे पिंडी! एकाच शाळुंकेवर कितीतरी छोटी छोटी लिंगं कोरलेली. शंकर एक, मग एवढी लिंगं का? सासूबाई म्हणाल्या, "पांडवांनी केली." कुणाला नीट माहिती आहे का?

संगम माहुली:
देऊळ आणि लेणी एका काळातली समजू नका. देगावचे सावकार परशुराम नारायण अनगळ यांनी अठराव्या शतकात तिथं बराच खर्च केला. आमच्या माहुलीच्या रामेश्वराशीही त्यांचंच नाव जोडलेलं आहे. लेण्यांचा थाट मात्र निराळा आहे.

देगावकर:
ताई, मी पाटेश्वराच्या पायथ्याचाच. आमच्याकडे महाशिवरात्रीला अख्खं गाव वर असतं.

लिंगांचं म्हणाल तर सहस्रलिंगाची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. मुख्य लिंगावर एक तांब्या ओतला की पाणी ओघळत प्रत्येक लहान लिंगावरून जातं, एका अभिषेकात सगळ्यांची पूजा होते. पाटेश्वरला कोरणाऱ्यांनी हीच कल्पना नाना तऱ्हांनी खेळवली आहे. ओळीत मांडलेली लिंगं, गोलात मांडलेली लिंगं, बघत राहावं.

पण माझ्या मते त्या डोंगराचं खरं धन म्हणजे अग्निवृषाची, म्हणजे बैलाच्या रूपातल्या अग्नीची मूर्ती. माणूस आणि बैल एकाच दगडात. लोक तिच्यासमोरून सरळ निघून जातात, जीव तुटतो. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात, अठ्ठावन्नाव्या सूक्तात ऋचा आहे, "चत्वारि शृङ्गा त्रयो अस्य पादा द्वे शीर्षे सप्त हस्तासो अस्य". चार शिंगं, तीन पाय, दोन डोकी, सात हात असा हा तीन ठिकाणी बांधलेला, डरकाळणारा वृषभ, आणि हा थोर देव मर्त्य माणसांत शिरला, असं पुढं म्हटलंय. वेदांतल्या शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या यास्कांनी याचा अर्थ यज्ञाकडे लावला: शिंगं म्हणजे चार वेद, पाय म्हणजे दिवसातली तीन सवनं (सोमरस काढून आहुती द्यायच्या वेळा), हात म्हणजे सात छंद. व्याकरणकार पतंजलींनी महाभाष्यात तीच ऋचा भाषेला लावली. त्यांचे सात हात म्हणजे सात विभक्ती, तीन पाय म्हणजे तीन काळ, आणि वृषभ बांधलाय तो छाती, कंठ आणि डोकं या तीन ठिकाणी. पंडितांनी ज्या ऋचेवर एवढा खल केला, ती आमच्या डोंगरात कुण्या पाथरवटानं छिन्नीनं उतरवली! पुढच्या वेळी बॅटरी न्या, उजेड बाजूनं तिरपा टाका, म्हणजे हात मोजता येतील.

कोडोलीची सून:
बापरे दादा, आम्ही त्या मूर्तीला हळदकुंकू वाहून पुढं गेलो! आणि पांडवांचं?

देगावकर:
सासूबाईंना म्हणू द्या हो. सह्याद्रीतल्या निम्म्या लेण्यांना लोक पांडवांचीच म्हणतात, श्रद्धेनंच म्हणतात. एक विनंती मात्र आहे. लहान लिंगांवर तेल, शेंदूर, कुंकू थापू नका. बारीक कोरीवकाम त्यात बुजतं, मग कुणीतरी खरवडून काढतं आणि दगडाची धार जाते. नुसतं पाणी आणि बेलाचं पान वाहा. महादेवाला तेवढं पुरतं.

संगम माहुली:
अगदी बरोबर. आणि कापूर लेण्याच्या आत पेटवू नका, भिंती काळ्या पडतात. उंबऱ्याबाहेर ओवाळा.