तरुणपणी काढलेले मोठ्या गवयांचे फोटो आता विकावेत का?

यशिकावाला

१९७४ ते १९७९ या काळात पुण्यात जिथे गाणं असेल तिथे मी कॅमेरा गळ्यात अडकवून हजर असायचो. सुरुवात केली तेव्हा वय बावीस. मामेभाऊ आफ्रिकेहून आला तेव्हा त्याने यशिका मॅट आणला होता. तो परत गेला, कॅमेरा माझ्याकडे राहिला. छातीशी धरून वरून काचेत बघायचं. काचेत डावं-उजवं उलट दिसतं, त्यामुळे गवयाचा हात काचेत जिकडे सरकेल त्याच्या उलट दिशेला कॅमेरा फिरवायचा. हे अंगवळणी पडायला सहा महिने गेले. रोल ऑर्वो कंपनीचा, कमी उजेडात चालणारा ४०० एएसएचा, बारा फोटोंचा. एका रात्रीला एकच रोल परवडायचा. फ्लॅश कधीच मारला नाही, गाणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड मारणं मनाला पटायचं नाही.

सवाई गंधर्व महोत्सव तेव्हा रात्रभर चालायचा. भीमसेनजी, वसंतराव देशपांडे, कुमारजी, किशोरीताई यांना जवळून टिपता आलं. शिवाय लोकांच्या बंगल्यांतल्या, वाड्यांतल्या घरगुती मैफली. सगळे मिळून ३८ रोल आहेत. निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटांत घालून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आहेत.

मागच्या महिन्यात मुंबईचा एक व्यापारी घरी येऊन गेला. ३८ रोलचे एकरकमी ४ लाख देतो म्हणतो. अट एवढीच की निगेटिव्हसकट सगळं द्यायचं आणि 'सर्व हक्क कायमचे' त्याच्या नावे लिहून द्यायचे.

मला विकायचे आहेत. बायकोच्या औषधपाण्याला पैसे लागतात आणि ते मी माझ्या मेहनतीच्या वस्तूतून उभे करतोय. पण चाळीस वर्षांपासूनचा मित्र म्हणाला, "तू त्यांच्या नावावर पैसे करतोयस." ते फार लागलं. तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणाने सांगा.

मेरीलँडचा_कोल्हापुरी

काका, खुशाल विका. मित्राचं बोलणं मनाला लावून घेऊ नका.

मी राहतो तिथून तासाभरावरची गोष्ट सांगतो. ११ फेब्रुवारी १९६४ला वॉशिंग्टन कोलिझियममध्ये बीटल्सचा अमेरिकेतला पहिला जाहीर कार्यक्रम झाला. तिथे माइक मिचेल नावाचा अठरा वर्षांचा पोरगा कॅमेरा घेऊन गेला होता. फ्लॅश नव्हता, होता त्या उजेडात त्याने फोटो काढले. निगेटिव्ह पुढे कित्येक वर्षं तळघरात एका खोक्यात पडून होत्या. २०११च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्तीजने त्यांच्या प्रिंट्सचा लिलाव केला, ३ लाख ६१ हजार डॉलरच्या वर रक्कम आली. एकट्या एका फोटोला ६८,५०० डॉलर मिळाले. चौघांच्या पाठीमागून उजेड आलाय, नुसत्या आकृत्या दिसतात, असा तो फोटो. ते कोलिझियम आता गिर्यारोहणाच्या सामानाचं दुकान झालंय. मी तिथून बूट घेतलेत, घेताना वर छताकडे बघत उभा राहिलो होतो.

त्या संध्याकाळी सभागृहात हजारो माणसं होती. कॅमेरा नीट धरून योग्य क्षणाला खटका दाबला तो त्या पोराने. त्याला मिळाले ते त्या नजरेचे पैसे.

ओवी

मी पूर्ण असहमत आहे.

मंचावरचे फोटो विका, तिथे माझं काही म्हणणं नाही. तिकीट काढून आलेल्या हजारो लोकांसमोर कलाकार बसलेला असतो. पण काका, तुम्हीच घरगुती मैफलींबद्दल लिहिलंय. त्या घरात तुम्हाला आत घेतलं ते कुणाचा तरी पुतण्या, कुणाचा तरी मित्र म्हणून. गवयाने तुमच्यासमोर पाय पसरले, पान लावलं, दमून भिंतीला टेकला, कारण तुम्ही घरचे होतात. पुढे हा आपल्याला विकेल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

फोटो विकत गेला की त्याचं काय होतं ते मेरिलिन मन्रोच्या बाबतीत जगाने पाहिलंय. १९४९मध्ये, हातात काम नसताना, तिने टॉम केली या फोटोग्राफरसमोर नग्न फोटो काढून घेतले. तिला मिळाले ५० डॉलर. ती मोठी झाल्यावर त्यातलाच एक फोटो डिसेंबर १९५३च्या प्लेबॉयच्या पहिल्या अंकात आला. त्या मासिकाने हक्कांचे ५०० डॉलर दिले ते कॅलेंडर छापणाऱ्या कंपनीला. तिला कुणी काही विचारलं नाही, दमडीही दिली नाही. कायदा सगळा विकणाऱ्याच्या बाजूने होता, म्हणून ते योग्य झालं असं मी तरी म्हणणार नाही.

यशिकावाला

ओवीताई, तुम्ही नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलंत.

एक फोटो आहे. एका फार मोठ्या गायिकेचा, नाव घेत नाही. पहाटे मैफल संपल्यावर त्या वेताच्या खुर्चीत बसल्याबसल्या झोपी गेल्या होत्या. केस सुटलेले, एक चप्पल पायातून निसटलेली, शेजारच्या स्टुलावर अर्धा प्यायलेला दुधाचा पेला. खिडकीतून पहिला उजेड येत होता. रोलमध्ये शेवटचा एकच फोटो उरला होता, तो मी काढला. आयुष्यात त्याहून चांगला फोटो माझ्या हातून झाला नाही. व्यापाऱ्याची नजरही त्याच्यावरच आहे. तो काढून घेतला तर दोन लाखच देईन म्हणतो.

त्या आता हयात नाहीत. त्यांना तो कधी दाखवलाही नाही, धीरच झाला नाही.

ओवी

धीर झाला नाही, म्हणजे तेव्हाच तुम्हाला उत्तर माहीत होतं, काका.

मेरीलँडचा_कोल्हापुरी

हे मला पटत नाही, ओवी. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा एवढ्या मोठ्या कलावतीसमोर लाजला, एवढाच त्याचा अर्थ. त्या फोटोत अपमान होईल असं काय आहे? रात्रभर गाऊन दमलेली बाई. रियाझाबद्दल, तपश्चर्येबद्दल आपण पानंच्या पानं लिहितो, आणि ती तपश्चर्या दिसते कशी हे दाखवणारा एक फोटो आहे तर तो डब्यात ठेवा म्हणतो. मन्रोचं उदाहरण इथे लागूच होत नाही.

कायदेकानू

भावनेचा भाग तुम्ही बोलताच आहात, मी कायद्याचं सांगतो. वकिली करतो, त्यातही कॉपीराइटची कामं बरीच.

फोटो ज्याने काढला तो आपल्याकडे त्याचा कर्ता. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पहिला हक्क त्याचाच. २०१२च्या दुरुस्तीपूर्वी फोटोवरचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षांचा होता, आता तो फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. काका, म्हणजे तुमच्या नातवंडांपर्यंत. ४ लाखांत तुम्ही काय देऊन टाकताय त्याचा आधी अंदाज घ्या.

पण एक विचारतो. कुठल्या आयोजकाने तुम्हाला पैसे देऊन फोटो काढायला बोलावलं होतं का? तसं असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक तो आयोजक ठरतो.

निगेटिव्ह विकणं आणि हक्क विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निगेटिव्ह हातात आली म्हणून हक्क आपोआप जात नाही, तो लेखी द्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. व्यापारी 'कायमचे' हा शब्द मुद्दाम घालतोय तो यामुळेच. तो शब्द काढायला लावा. प्रिंट विका, ठरावीक वर्षांची परवानगी विका, निगेटिव्ह स्वतःकडे ठेवा.

राहिला फोटोतल्या माणसाचा हक्क. नाव आणि चेहरा परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४च्या राजगोपाल खटल्यात मान्य केलंय. अमिताभ बच्चन यांना २०२२मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेला मनाई हुकूम त्याच वाटेवरचा. म्हणजे हा फोटो चहाच्या पुड्यावर छापला तर प्रश्न येईल, चौकटीत घालून विकला तर सहसा येणार नाही. आणि व्यक्ती गेल्यावर? सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांनी केलेल्या दाव्यात २०२३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की हे हक्क त्या व्यक्तीबरोबरच संपतात, वारसांकडे येत नाहीत.

तेव्हा त्या झोपलेल्या फोटोला कायद्याची अडचण मला दिसत नाही. मात्र मी तुमच्या जागी असतो तर त्यांच्या घरच्यांना एक फोन केला असता. तो कायदा नाही, माझं मत आहे.

यशिकावाला

दोन मैफलींना आयोजकांनी रोलचे पैसे दिले होते, बाकी सगळं पदरमोड करून. ते दोन रोल बाजूला काढले. 'कायमचे' हा शब्द आता मलाही खुपायला लागलाय. नव्वदच्या दशकात एका मासिकाने माझा फोटो नाव न देता छापला होता, विचारायला गेलो तर दारातूनच वाटेला लावलं. हे हक्क देऊन टाकले तर तसं विचारायला जायचीही सोय राहणार नाही.

गच्चीवरचा

मला दोन्ही बाजूंची काळजी वाटते, कारण खरा शत्रू हवामान आहे. पत्र्याचा डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो का, काका? येत असेल तर फिल्मचा पाया कुजायला लागलाय, आणि एकीचा दुसरीला लागतो. पुण्याच्या पावसाळ्यात बुरशी तर ठरलेलीच. आधी स्कॅन करून घ्या, विकायचं मग बघू.

आणि माझ्या मते हे विकूच नका, एखाद्या संस्थेला द्या. छायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचा संग्रह दिल्लीत अल्काझी फाउंडेशनकडे गेला. त्यामुळे एका बाईने टिपलेला स्वातंत्र्याच्या आगेमागेचा काळ आज एकत्र बघता येतो. व्यापाऱ्याकडे गेलेले ३८ रोल पाच वर्षांत ३८ घरांत जातील. भीमसेनजी एका दिवाणखान्यात, वसंतराव दुसऱ्या. एका रात्रीत कोण कोणानंतर गायलं, मागे कोण बसलं होतं, हे रोल एकत्र असला तरच कळतं.

मेरीलँडचा_कोल्हापुरी

संस्थेला द्या हे म्हणणं फार सोपं आहे. गवयाने बिदागी घ्यायची, मांडववाल्याने भाडं घ्यायचं, ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीने नफा घ्यायचा, आणि पन्नास वर्षं डबा सांभाळलेल्या फोटोग्राफरने तेवढं दान करायचं! त्यांच्या घरात औषधांचा खर्च आहे हो. संस्थांनीही पैसे मोजावेत.

गच्चीवरचा

मोजावेत, शंभर टक्के मोजावेत. दान हा शब्द माझा नाही, 'द्या' एवढंच म्हणालो होतो. पण नीट लिहायला हवं होतं, हे खरं.

शांभवी

दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते.

माझे बाबा तबल्याच्या साथीला बसायचे. मोठं नाव नव्हतं. रात्रीची बस पकडून गावोगाव जायचे, सकाळी परत येऊन नोकरीवर हजर व्हायचे. ते गेले त्यानंतर चार वर्षांनी एका हॉटेलात जेवायला गेलो, तिथे भिंतीवर मोठ्ठा कृष्णधवल फोटो. गायक ओळखीचे, जगाच्या ओळखीचे. आणि कडेला, चौकटीने कापलेला, एक हात. डग्ग्यावर ठेवलेला. करंगळीजवळच्या बोटात पोवळ्याची अंगठी. मी ती अंगठी ओळखली, ती आज माझ्या भावाच्या बोटात आहे.

खाली पितळी पट्टीवर गायकाचं नाव होतं. बाबांचा चेहरा कापून टाकला होता, कारण चौकटीत बसत नव्हता.

तुम्ही सगळे भांडताय ते मोठ्या माणसाचा हक्क की फोटोग्राफरचा हक्क यावर. त्या फोटोंत आणखी माणसं आहेत. पेटीवाला आहे, तबलजी आहे, मागे तानपुऱ्यावर शिष्य आहेत. त्यांचे दुसरे फोटो बहुतेक कुठेच नसतील. आमच्या घरी बाबांचा वाजवतानाचा एकही फोटो नाही. फोटो घेणारा आपल्याला हवं तेवढंच ठेवून बाकीचं कापणार. काका, तुम्ही विकलेत तर मला राग नाही येणार. पण कुणाकुणाला विकताय ते आधी लिहून तरी ठेवा.

ओवी

शांभवी, हे वाचून गप्प झाले. खुर्चीतल्या फोटोबद्दल माझं मत तेच आहे, तो विकू नये. पण मीही एकाच माणसाचा विचार करत होते.

यशिकावाला

व्यापाऱ्याला कालच फोन करून सांगितलं की निगेटिव्ह देणार नाही, कायमचे हक्कही नाही. निवडक मंचावरच्या फोटोंच्या प्रिंट काढून देईन, मागे माझी सही आणि फोटोतल्या सगळ्यांची नावं असतील, आणि फोटो कापून लावायचा नाही हे करारात लिहिलेलं असेल. "विचार करून कळवतो" म्हणाला. बहुतेक नाही कळवणार. मेरीलँडच्या भाऊंनी बाहेरच्या लिलावांचं कळवलंय, ते बघतो. पैसे मला हवेतच आणि ते मी घेणार, यात बदल नाही.

खुर्चीतल्या फोटोचा निर्णय अजून झालेला नाही. त्यांच्या मुलीचा नंबर मिळवलाय, फोन अजून केलेला नाही.

डब्याला वास येतोय. थोडासा, पण येतोय. स्कॅनिंगला सोमवारी जातोय.

आज सकाळपासून मऊ पेन्सिलीने पाकिटांवर नावं लिहीत बसलोय. शांभवी, तुझ्या बाबांचं नाव मला व्यक्तिगत निरोपात कळव, अंगठीवरून शोधतो. रोल क्रमांक १७ अडलाय. डिसेंबर १९७६, सवाई, पहाटेची वेळ. मागे तानपुऱ्यावर दोन मुली आहेत. उजवीकडचीचा चेहरा खुंट्यांच्या आड अर्धा गेलाय. डावीकडची अठरा-एकोणीसची असेल, दोन वेण्या, घड्याळ उजव्या मनगटावर, शालीचं एक टोक कमरेला खोचलेलं. कुणाची आई, मावशी, आत्या तेव्हा पुण्यात गाणं शिकत असेल तर कृपा करून विचारून बघा.