मदत हवी आहे: परमिटवर जुना पासपोर्ट नंबर पडलाय, आत सोडतील का?

पायपीट_पुणे:
लोकहो, तातडीने मदत हवी आहे. चौघांचं परमिट जानेवारीतच काढलं, पैसे भरून झालेत, विमानाची तिकिटं नॉन-रिफंडेबल आहेत. काल रात्री कागदपत्रं लावताना बघितलं तर परमिटवर बायकोचा जुना पासपोर्ट नंबर आहे, मधल्या काळात तिचा पासपोर्ट रिन्यू झाला. एजन्सीला दोन मेल टाकले, उत्तर नाही. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनीच सांगा प्लीज, आत सोडतील का? रात्रभर झोप नाही.

गिरिजा_क:
कुठलं परमिट? अन्नपूर्णा का?

पायपीट_पुणे:
नाही हो, पेरूतलं माचू पिच्चू. तिथे डोंगरातून चालत जायची वाट, इंका ट्रेल.

रानवाटा:
दादा, चार दिवसांचा की किलोमीटर १०४ वरून निघणारा दोन दिवसांचा? निघायची तारीख काय? नुसता नंबर बदलला की नावातही फरक पडला? आणि मुख्य म्हणजे जुना पासपोर्ट हातात आहे का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

पायपीट_पुणे:
चार दिवसांचाच, १२ जूनला सुरू. नाव तेच आहे. जुना पासपोर्ट शोधावा लागेल. परत पाठवतात का तेवढं सांगा ना.

सह्यकडा:
मी म्हणतो हे परमिटचं झेंगटच नको, साल्कान्ताय करा, माचू पिच्चूकडे जायची दुसरी वाट. पाच दिवस, खिंड ४६०० मीटरच्या वर, समोर बर्फाचा डोंगर, आणि त्या वाटेला इंका ट्रेलसारखं परमिट लागत नाही. इंका ट्रेलवर दिवसाला ५०० च माणसं सोडतात आणि त्यात गाइड, हमाल, आचारी सगळे धरून, म्हणजे आपल्यासारख्यांना २०० च्या आसपास जागा. आम्ही साल्कान्ताय केला, एकदाही पस्तावलो नाही.

रानवाटा:
अहो पण त्यांचे पैसे भरून झालेत! आणि साल्कान्तायने गेलं तरी माचू पिच्चूच्या आत जायचं तिकीट वेगळं काढावंच लागतं, जूनमध्ये ते ऐनवेळी मिळेल याचा भरवसा नाही. त्यांनी विचारलंय काय आणि आपण सांगतोय काय.

सह्यकडा:
पर्याय सांगितला, त्यात चुकलं काय? अडकलेल्या माणसाला दुसरी वाट माहीत असावी.

मीनल_ठाणे:
आम्ही २०१९ ला केला तेव्हा ग्रुपमधल्या एकीचं डिट्टो हेच झालं होतं. ट्रेल सुरू होतो तिथे, किलोमीटर ८२ ला चौकी आहे, तिथे सगळे रांगेत, आमच्या वेळी गार्ड पासपोर्ट उघडून नंबरवर बोट ठेवायचा आणि यादीतल्या ओळीशी ताडून बघायचा, नावसुद्धा अक्षर न् अक्षर. तिने जुना आणि नवा दोन्ही पासपोर्ट पुढे केले, शिवाय एजन्सीने आधीच नव्याची कॉपी पाठवून ठेवलेली, दोन मिनिटांत सोडलं. नुसत्या झेरॉक्सवर जाऊ नका, जुना ओरिजिनल घ्याच. आणि मेलवर थांबू नका, व्हॉट्सॲपवर गाठा, स्पॅनिशमध्ये दोन ओळी लिहा, लगेच बघतात.

डॉ_काका:
पासपोर्टचं होईल हो, उंचीचं काय? जिथून निघता ते कुस्को शहरच ३४०० मीटरवर आहे आणि ट्रेलच्या दुसऱ्या दिवशी वार्मीवान्युस्काची खिंड ४२१५ मीटर. दोन-तीन दिवस आधी पोचा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

सह्यकडा:
गोळ्या कशाला, तिथे हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा मिळतो, आम्ही त्याच्यावरच काढले.

डॉ_काका:
चहाने बरं वाटतं, पण त्याच्या भरवशावर वर जाऊ नका. डोकं दुखून उलट्या होत असतील तर एकच उपाय, खाली उतरणे. आणि ती पानं आठवण म्हणून बॅगेत टाकून भारतात आणू नका, इथे गुन्हा आहे.

सुगरण_आजी:
थालीपीठाची भाजणी आणि मेतकूट न्या बाळांनो, परदेशात हाल होतात.

मीनल_ठाणे:
आजी, ट्रेलवर आचारी सोबत असतो, तंबूत गरम सूप मिळतं. पण मेतकूट नेलं होतं मी, भातावर घेतलं, खोटं कशाला बोलू. काठ्यांना रबरी टोप्या मात्र लावा, नुसतं लोखंडी टोक त्या दगडी पायऱ्यांवर चालत नाही. खिंडीनंतरची उतरण गुडघे काढते, सिंहगड भराभर उतरायची सवय आत्तापासून करा.

गिरिजा_क:
अवांतर: २४ जूनला कुस्कोत इंती रायमी असतो, सूर्याचा उत्सव. मुक्काम वाढवता आला तर बघा.

रानवाटा:
एक कुणीच बोललं नाही. पिवळ्या तापाची लस घेतली का? पेरूहून भारतात परत येताना सर्टिफिकेट मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं.

पायपीट_पुणे:
सगळ्यांचे मनापासून आभार. जुना पासपोर्ट सापडला! सासूबाईंच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या घडीखाली, कोपरा कापलेला आणि रद्दचा शिक्का मारलेला, पण नंबर परमिटवरचाच. मीनलताई, तुम्ही सांगितलंत तसं व्हॉट्सॲप केलं, तासाभरात उत्तर आलं, दोन्हींचे स्कॅन मागितलेत, रात्रीच पाठवले. बायको तर रडायलाच लागली, बारा वर्षं घोकतोय आम्ही ही ट्रिप.

पण ते पिवळ्या तापाचं आमच्या चौघांपैकी कुणाकडेच नाही. पुण्यात कुठे देतात, अपॉइंटमेंट किती दिवसांनी मिळते? आज शुक्रवार, सोमवारी जाऊ का?