दही गोठवलंय का कधी? फसलेले अनुभव आधी सांगा

गावी निघायच्या आदल्या रात्री लक्षात आलं, लिटरभर दुधाचं दही तसंच पडलंय. अर्धं शेजारी दिलं, उरलेलं स्टीलच्या डब्यासकट फ्रीझरमध्ये ढकललं. आठ दिवसांनी आले तर डब्यात वीट! दुपारपर्यंत ती सुटली, पण वर पिवळसर पाणी आणि खाली रव्यासारखे कण. वास ठीक, चवही ठीक, तरी भातावर घ्यायचा धीर होईना. बेसन लावून कढी केली, ती मात्र कुणाला कळली नाही. आता लेकीला घरचं फ्रोजन योगर्ट हवंय. केलंय का कुणी?

आंबटगोड
फसण्यात माझा पहिला नंबर. ताज्या दह्यात साखर घोटली आणि कुल्फीच्या साच्यात भरली. चोखलं की गोडवा तोंडात आणि पांढरा बर्फ काडीला! दह्यात 85 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्याचे खडे होणारच. ते आधी काढायचं, म्हणजे चक्का बांधायचा. फडक्यात बांधून चाळणीत, खाली पातेलं, आणि हे सगळं रात्रभर फ्रिजमध्ये. मी एकदा मे महिन्यात ठाण्याच्या उकाड्यात नळाला टांगून झोपले, सकाळी आंबटढाण.

आता माझं ठरलेलं माप: अर्धा किलो चक्का, दीडशे ग्रॅम पिठीसाखर, वाटीभर हापूसचा रस, दोन चमचे मध, चिमूटभर मीठ. चक्का पुरणयंत्रातून काढायचा, गुठळी राहिली तर ती गोठून दाताखाली येते. पसरट डब्यात भरून फ्रीझरमध्ये. पाऊण तासाने बघा, कडेने गोठलेलं असतं आणि मध्ये पातळ. कडा काट्याने खरवडून मध्ये आणायच्या आणि दणकून फेटायचं. असं तीन-चार वेळा. कंटाळवाणं आहे, पण एक फेरी चुकवलीत तर जिभेला लगेच कळतं. आणि चव बघताना जरा जास्तच गोड लागलं पाहिजे, गार झाल्यावर गोडी कमी जाणवते.

खवय्या४२०
थोडक्यात, आम्रखंड फ्रीझरमध्ये ठेवायचं!

आंबटगोड
हो की! विकतचं आम्रखंड साच्यात भरून बघा, दगड होत नाही. साखर एवढी असते की सगळं पाणी गोठतच नाही.

काकू_सातारा
याच्या उलटा अनुभव. आमच्या ह्यांना मधुमेह, म्हणून मी साखर पूर्ण काढली. डबा उघडला तर चमचा वाकला, पण दही हललं नाही. शेवटी बत्त्याने फोडलं! आता थोडी साखर ठेवते, म्हशीच्या दुधाचं साईसकट दही घेते, आणि खायच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढते. ह्यांना दोनच चमचे मिळतात, त्यावरून रुसवा असतो तो वेगळा.

रिकामटेकडा
अननस घालू नका! कच्चा अननस किसून चक्क्यात मिसळला आणि तास-दोन तास तसाच ठेवून गोठवला. कडू जहर. आधी वाटलं दूध खराब होतं, दुधवाल्याशी भांडूनही आलो. मग कळलं की कच्च्या अननसातल्या पाचक रसामुळे दह्यातली प्रथिनं तुटतात आणि कडवटपणा येतो. फोडी साखरेत शिजवून गार करून घातल्या तर काही होत नाही. दुधवाल्याची माफी अजून मागायची आहे.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडे फ्रीझरचा भरवसा नाही. दुपारी लाईन जाते, अर्धं वितळतं, संध्याकाळी पुन्हा गोठतं की झाले खडे. मग माळ्यावरचा कोठीचा जुना आईस्क्रीमपॉट काढला. लाकडी बादलीत बर्फ आणि जाडं मीठ. मिठाने बर्फ शून्याच्या बराच खाली उतरतो, आणि हँडल सतत फिरत असल्यामुळे खडे धरायला सवडच मिळत नाही. चक्का, साखर, संत्र्याचा रस आटवून. अर्ध्या तासात मऊ लोण्यासारखं झालं. फक्त झाकण उघडताना आधी पुसून घ्या, आमच्या पहिल्या घाण्यात खारं पाणी गेलं.

मिनेसोटाची_माई
मी खायला नाही, विरजणासाठी गोठवते. भारतात महिनाभर जायचं असलं की चांगलं लागलेलं दही बर्फाच्या ट्रेमध्ये भरायचं, खडे झाले की पिशवीत. आल्यावर अर्धा लिटर कोमट दुधाला दोन खडे. थंडीत सगळे जंतू मरत नाहीत, पण सुस्तावतात आणि काही जातातच. म्हणून पहिलं दही लागायला जास्त वेळ घेतं आणि जरा पातळ येतं, त्याच्याच विरजणाचं दुसरं नीट कवडी पडतं. तीन महिन्यांपूर्वीचे खडे एकदा वापरले, सकाळी दूध ते दूधच.

आंबटगोड
लहान मुलं असतील तर नाशिकची द्राक्षं चक्क्यात घोळवून ताटलीत सुटी सुटी गोठवा. अगदी छोट्यांना मात्र अख्खी देऊ नका, उभी चिरून द्या. घशात अडकतात.

(धागाकर्ती)
चक्का बांधला, आंबा घातला, तीनदा फेटलं. चौथ्या फेरीला उठले तर डबा निम्मा आणि चमचा लेकीच्या हातात. चक्क्याखालचं पातेलंभर पाणी उरलंय, ते कणकेत घातलं तर चालेल ना?