अनुभव धागा : इटालियन घरांतलं, हातोहात आलेलं खाणं

डिसेंबर २०२५ मध्ये लाल किल्ल्यातल्या बैठकीत युनेस्कोने इटालियन पाककलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आपली दिवाळीही त्याच बैठकीत यादीत आली. हा वारसा घरात कसा चालतो, ते इटालियन कुटुंबांशी नातं असलेल्यांनी लिहावं. नुसती रेसिपी नको, कोणाकडून शिकलात तेही सांगा. सुरुवात माझ्यापासून.

बोलोन्या : नाताळ जवळ आला की सासूबाई टेबल रिकामं करायला लावतात. शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं. हातभर लांब लाटण्याने पारी इतकी पातळ लाटतात की खालच्या पाटाच्या रेषा दिसाव्यात. मग छोटे चौकोन, त्यात मांस, मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचं जाड सॉसेज), पार्मिजानो चीज आणि जायफळाचं चिमूटभर सारण. चौकोन त्रिकोणी दुमडून बोटाभोवती गुंडाळला की तोर्तेल्लीनी, म्हणजे सारण भरलेला छोटा पास्ता, तयार. ह्या सारणाची कृती १९७४ साली इथल्या वाणिज्य मंडळात रीतसर नोंदवलेली आहे. सासूबाई मात्र जायफळ त्यांच्या आईच्या अंदाजानेच घालतात, आणि मला तेच बरोबर वाटतं. माझी लेक आता माझ्यापेक्षा सुबक वळते, तिची बोटं लहान ना!

बारी (दक्षिण इटलीतलं शहर) : जुन्या शहरात बायका दारात बसून ओरेक्केत्ते, म्हणजे छोट्या कानासारखा दिसणारा पास्ता, करतात. ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी, अंडं नाही. सुरीने तुकडा ओढायचा आणि अंगठ्यावर उलटवायचा. शेजारच्या आजींनी मला तोंडी काही सांगितलंच नाही, माझा हात धरून सुरी फिरवली.

कालाब्रिया : ऑगस्टमध्ये नवऱ्याच्या गावी टोमॅटोचा दिवस असतो. आपल्याकडच्या वाळवणासारखं सगळं घर अंगणात. रस गाळायचा, बाटलीत तुळशीच्या जातीचं बाझिलिकोचं पान, बाटल्या फडक्यात गुंडाळून पिंपात उकळायच्या. शहरात गेलेली भावंडंही त्या दिवशी येतात.

न्यू जर्सी : शेजाऱ्यांचे पणजोबा नेपल्सकडचे. १८८० ते १९२० या काळात आलेल्या सुमारे चाळीस लाख इटालियनांपैकी एक. घरात आता इटालियन कोणी बोलत नाही. पण रविवारी सकाळपासून टोमॅटोत मांस रटरटतं, आणि नाताळच्या आदल्या रात्री फक्त मासे, सात प्रकारचे. भाषा गेली तरी हे टिकलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सार्डिनिया बेटावर कोणी आहे का? तिथल्या नुओरोचं सु फिलिंदेउ, म्हणजे धाग्यासारखा बारीक पास्ता, करणाऱ्या बायका अगदी मोजक्या उरल्यात. कोणी पाहिलं असेल तर सविस्तर लिहा.