प्लाझ्मा टीव्ही आणि कूलरचा झोत
भाऊ, प्लाझ्मा टीव्ही आता बनत नाहीत, पण जुन्या साठ्यातला कोरा मिळालाय तो दुकानातल्यासारखा लखलखीत 'व्हिव्हिड' मोडवर ठेवू का, असं विचारलंत. नका ठेवू. पडद्याच्या आतला फॉस्फर, म्हणजे उजळून चित्र दाखवणारा लेप, नवा असताना चित्राचा ठसा लवकर धरतो. पहिले १००-२०० तास कॉन्ट्रास्ट निम्म्यावर, चित्र पडदाभर, बाजूच्या काळ्या पट्ट्या नकोत. आमचे बाबा दिवसभर एकच न्यूज चॅनल लावायचे. तो कोपऱ्यातला लोगो मग मॅचमध्येही भुतासारखा दिसायचा. आठवडाभर चॅनल फिरवत राहिलो, तेव्हा कुठे पुसट झाला.

आणि आपल्या नागपूरचा मे महिना! ४५ अंशात हा डबा स्वतःही तापतो. मागे चार बोटं नाही, चांगली वीतभर जागा सोडा. खसाच्या कूलरचा झोत मात्र त्यावर नको, ओल धरते. काच कोरड्या मऊ फडक्यानंच पुसा.